कुलाब्याचं पाणी तोडलं तेव्हा : भावाभावांच्या धंद्यासाठी १७४० ची लढाई

या आठवड्याचा व्हिडिओ भागीदारीवर होता. त्यात आंग्र्यांची गोष्ट मी दोन वाक्यांत उरकली, कारण व्हिडिओ लांबला की तुम्ही पुढे ढकलता, मला दिसतं ते. इथे ती सविस्तर सांगतो. वही घेऊन बसा, शेवटी काम दिलंय.

आपल्याकडे, म्हणजे बोर्ली, दिवेआगर, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात, प्रशिक्षणाला येणाऱ्यांत निम्मे तरी घरचा धंदा करणारे असतात. दोन भावांचं हार्डवेअर, काका-पुतण्याचा सुपारीचा व्यवहार, दीर-भावजयीचा होम स्टे. या सगळ्यांना मी विचारतो, कागद काय केलाय? उत्तर ठरलेलं. "सर, आम्ही सख्खे भाऊ. आम्हाला कागद कशाला?" मग मी त्यांना अलिबागच्या किल्ल्यावर नेतो. खरोखर नाही, गोष्टीतून.

इथून गोष्ट म्हटली की सगळ्यांना जंजिराच अपेक्षित असतो, कारण दिघीच्या धक्क्यावरून तोच समोर दिसतो. पण जंजिरा हा बाहेरच्या शत्रूचा धडा आहे. घरातल्या भांडणाचा धडा हवा असेल तर दिघीहून बोटीने आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूड, रेवदंडा करत अलिबाग गाठायचं. तिथे समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला म्हणजे आंग्र्यांचं हेड ऑफिस.

हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. पुढे कान्होजी आंग्रे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख झाले आणि कुलाबा त्यांच्या आरमाराचा मुख्य तळ झाला. जागा बघा कशी. मुंबई बंदराच्या तोंडापासून दक्षिणेला थोड्याच अंतरावर. मुंबईला जाणारं-येणारं जहाज आंग्र्यांच्या नजरेतून सुटणं अवघड. कान्होजींचं उत्पन्नही या जागेवरच उभं होतं. जहाजांनी त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना घ्यायचा आणि त्याचे पैसे भरायचे. ज्याच्याकडे दस्तक नाही ते जहाज पकडलं जायचं. धंद्याच्या भाषेत सांगायचं तर मोक्याची जागा, ओळखीचं नाव आणि नियमित वसुली, तिन्ही एकाच हातात.

हे किती मजबूत होतं ते १७२१ मध्ये दिसलं. त्या वर्षी डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली. जहाजं होती, तोफा होत्या, जमिनीवरून फौज होती. छत्रपती शाहूंकडून बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन आंग्र्यांच्या मदतीला आले. हल्ला फसला, पोर्तुगीजांनी मराठ्यांशी वेगळा तह केला आणि इंग्रज रिकाम्या हाताने मुंबईला परत गेले.

आता पुढचं वाक्य नीट वाचा. १७४० मध्ये, म्हणजे एकोणीस वर्षांनी, इंग्रजांची जहाजं पुन्हा कुलाब्यावर आली. या वेळी किल्ला घ्यायला नाही, वाचवायला. आणि त्यांना बोलावलं होतं किल्ल्यातल्या आंग्र्यांच्याच बाजूने. किल्ला तोच, समुद्र तोच, भिंतीतला एक दगड हलला नव्हता. हललं होतं ते घर.

मालक गेले, मग काय झालं

कान्होजी ४ जुलै १७२९ ला वारले. मुलं बरीच होती. सेखोजी, संभाजी, मानाजी, येसाजी, तुळाजी, धोंडजी. सगळे एका आईचे नव्हते. थोरल्या सेखोजीने कारभार हातात घेतला, तो कुलाब्यात राहिला आणि चार वर्षं घर बांधून ठेवलं. १७३३ च्या ऑगस्टमध्ये तोही गेला. जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धची मोहीम ऐन भरात असतानाच. सरखेलपद आलं संभाजीकडे.

इथून घराची फाटाफूट सुरू झाली. संभाजी दक्षिणेकडच्या किल्ल्यांत, कुलाब्याचा कारभार येसाजीच्या हाती. मानाजी, हा संभाजीचा सावत्र भाऊ, त्याचं घरात पटेना. तो पोर्तुगीजांकडे गेला, त्यांची मदत घेऊन आला, कुलाबा ताब्यात घेतला आणि येसाजीचे डोळे काढून त्याला कैदेत टाकला. हो, स्वतःच्या भावाचे. संभाजी चालून आला तेव्हा मानाजीने बाजीरावांना बोलावलं. बाजीराव आले, मानाजीची बाजू सावरली. मोबदल्यात राजमाची आणि कोथळीगड हे दोन किल्ले पेशव्यांकडे गेले.

म्हणजे पहिल्या मदतीची फी दोन किल्ले.

मग १७३५ मध्ये बाजीरावांनी दोघा भावांची वाटणी करून दिली. मानाजीला कुलाबा आणि उत्तरेकडचा भाग, पदवी 'वजारतमाब'. संभाजीला सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि दक्षिणेकडचा भाग, पदवी 'सरखेल', जी कान्होजींची होती.

वाटणी ऐकायला सरळ वाटते. उत्तर एकाला, दक्षिण एकाला, दोघांना किल्ले, दोघांना जहाजं, दोघांना मानाची पदवी. कोणीही पंच असाच विचार करेल. पण मला विचाराल तर पुढचं भांडण या वाटणीतच पेरलं गेलं. नाव एकाला गेलं आणि पेढी दुसऱ्याला. 'सरखेल' म्हणून सगळा किनारा ज्याला ओळखत होता तो आता विजयदुर्गला, आणि ज्या जागेवर ते सरखेलपद मोठं झालं ती कुलाब्याची जागा सावत्र भावाकडे. संभाजीला वाटणार, माझं हेड ऑफिस चोरलं. मानाजीला वाटणार, बापाच्या घरात मी बसलोय आणि बापाची पदवी तो लावतोय. दोघेही आपापल्या जागी बरोबर. असं भांडण मिटत नाही.

हे तुम्ही बाजारात रोज बघता. दोन भाऊ वेगळे होतात. जुनी जागा थोरल्याकडे, 'अमुक ब्रदर्स' हे नाव धाकट्याने समोरच्या गाळ्यावर लावलं. गिऱ्हाईक गोंधळतं. पार्सल या दुकानाचं त्या दुकानात जातं. होलसेलवाला म्हणतो, मागची बाकी नक्की कोणाकडे? होम स्टेवाल्यांचं तर आणखी अवघड असतं. नकाशावरची नोंद, त्यावर पाच वर्षांत जमा झालेले रिव्ह्यू आणि बुकिंगचा मोबाईल नंबर हीच खरी पेढी असते. खोल्या वाटून घेतल्या, पण तो नंबर कोणाच्या खिशात, हे कोणी लिहून ठेवत नाही. मे महिन्यात पुण्याहून फोन येतो तो एकालाच येतो.

१७४० ची लढाई

१७३५ नंतर संभाजी गप्प बसला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी त्याने इंग्रजांचं 'डर्बी' नावाचं मोठं जहाज पकडलं. म्हणजे मुंबईकरांच्या वहीत त्याचं नाव लाल शाईने लिहिलं गेलं. इकडे मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, पोर्तुगीज उत्तर कोकणातून मागे हटले आणि त्याच वर्षी मराठ्यांचा मुंबईच्या इंग्रजांशी तह झाला. समुद्रावरचे दोन मोठे खेळाडू आता एकमेकांशी बोलत होते. संभाजीने हे बदललेलं मार्केट वाचलं नाही, असं माझं मत.

१७४० च्या सुरुवातीला तो कुलाब्यावर आला. आधी त्याने किल्ल्याला हात लावला नाही. चौल घेतलं, थळ घेतलं, सागरगड घेतला, अलिबाग घेतलं. किल्ल्याच्या समोरच्या किनाऱ्यावर हिराकोट आहे, कान्होजींनीच १७२० मध्ये बांधलेला. त्या परिसरात त्याने मोर्चेबंदी केलेली छावणी टाकली. समुद्रात त्याचं आरमार. आणि किल्ल्यातल्या लोकांचं गोडं पाणी तोडलं.

तुमच्यापैकी जे कुलाब्यात जाऊन आलेत ते म्हणतील, किल्ल्यात पुष्करणी आहे, विहीर आहे, पाणी कसं तुटेल? आज ती दिसते हे खरं. पण मार्च-एप्रिलमधल्या कोकणातल्या विहिरी कशा असतात ते आपल्याला कोणी शिकवायला नको. चार माणसांना पुरणारं पाणी लढाईसाठी भरलेल्या किल्ल्याला पुरत नाही. बाहेरून येणारं पाणी हाच तिथला कच्चा दुवा होता आणि तो घरच्या माणसाला माहीत होता. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज तटावर तोफा डागत बसले. संभाजी त्या घरात वाढलेला, त्याने तटाकडे बघितलंही नाही.

मानाजीने पुन्हा मदत मागितली. बाजीराव तेव्हा दूर उत्तरेकडे होते. निरोप गेला त्यांच्या मुलाकडे, बाळाजी ऊर्फ नानासाहेबांकडे. वय किती? एकोणीस. त्यांनी पाचशे माणसं किल्ल्याच्या मदतीला पाठवली, काका चिमाजी अप्पांना तातडीने कळवलं आणि स्वतः निघाले. अप्पांनी मुंबईच्या गव्हर्नरला, स्टीफन लॉ याला लिहिलं की आम्ही पोहोचेपर्यंत किल्ला सांभाळा. तह ताजा होता आणि 'डर्बी'ची जखमही होती. इंग्रजांनी लगेच जहाजं काढली.

ती जहाजं काय घेऊन आली? पाणी. किल्ल्यातल्या माणसांना पिण्याचं पाणी पोचवलं आणि संभाजीच्या आरमाराला तिथून हुसकावून सुवर्णदुर्गाकडे पळायला लावलं. तोपर्यंत नानासाहेब पोहोचले होते. हिराकोटाच्या खाली संभाजीच्या एका तुकडीशी चकमक झाली, पंचवीस-तीस माणसं पडली, बाकीची छावणीत ढकलली गेली. आणि संभाजीचा सावत्र भाऊ तुळाजी कैद झाला. हे नाव लक्षात ठेवा.

आकडे बघा, लहान आहेत. पाचशे माणसं, पंचवीस-तीस मयत. इतिहासाच्या पुस्तकात ही लढाई चार ओळींत संपते. चिमाजी अप्पाही येऊन पोहोचले, पुढचे बेत चालू होते, तेवढ्यात नर्मदेकाठी रावेरखेडीला २८ एप्रिल १७४० ला बाजीराव गेल्याची बातमी तळावर आली. कुलाबा मात्र वाचला. मानाजीकडेच राहिला.

तुमच्या दुकानाचं पाणी किती दिवसांचं

आता वही उघडा. धंद्यात पाणी म्हणजे रोकड. दुकान म्हणजे तट, माल म्हणजे दारूगोळा, पण रोज प्यायला लागते ती रोकड. आणि घरचा माणूस विरोधात गेला की तो माल पळवत नाही, तो रोकड अडवतो. कशी, ते आकड्यांनी बघू. आकडे मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा दोन भावांचं हार्डवेअर आहे. रोजची विक्री ७,५०० रुपये. त्यातले ४,५०० रोख आणि यूपीआयने, ३,००० उधारीवर. रोजचा माल ५,००० रुपयांचा, होलसेलवाल्याकडून तीस दिवसांच्या उधारीवर. भाडं, दोन पोरांचा पगार, लाईट बिल, कर्जाचा हप्ता मिळून महिन्याला ४५,०००, म्हणजे दिवसाला १,५००. वजाबाकी करा. ७,५०० मधून ५,००० आणि १,५०० गेले, दिवसाला १,००० रुपये नफा. महिन्याला तीस हजार. दोघांत फार नाही, पण चालतंय.

भांडण झालं. एका भावाने होलसेलवाल्याला फोन केला, आम्ही वेगळे होतोय, त्याला माल दिलात तर तुमच्या जबाबदारीवर द्या. होलसेलवाला पुढच्या दिवसापासून म्हणतो, रोख द्या. उधारीचं गिऱ्हाईक म्हणतं, आधी तुम्ही दोघं ठरवा पैसे कोणाला द्यायचे, मग देतो. म्हणजे जुनी वसुली बंद. आता दिवसाला आत येणार ४,५००, बाहेर जाणार ६,५००. खड्डा २,००० रुपयांचा. गल्ल्यात आणि बँकेत मिळून ६०,००० असतील तर तीस दिवस. तीस दिवसांत दिवसाला हजार रुपये नफा देणारं दुकान कोरडं. आणि हेही होलसेलवाल्याने जुनी दीड लाखाची बाकी मागितली नाही तर. मागितली की तीस दिवससुद्धा नाहीत.

बँकेचं तर आणखी सोपं आहे. भागीदारीच्या करंट अकाउंटवर एका भागीदाराने लेखी कळवलं की आमच्यात वाद आहे, पैसे देऊ नका, तर बँक साधारणपणे व्यवहार थांबवते. एक अर्ज. तोफ नाही, आरमार नाही.

निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, आपल्याकडे लाईट आणि नेटवर्क दोन्ही गेलं होतं तेव्हा हेच चित्र सगळ्या बाजारात एकदम दिसलं. माल होता, गिऱ्हाईक होतं, खात्यात पैसेही होते, पण फिरत नव्हते. ज्यांच्या घरात थोडी रोख होती त्यांनी दुकान चालवलं. फरक एवढाच की वादळाच्या वेळी सगळं गाव एकमेकांना सांभाळून घेतं. भाऊबंदकीत गाव तमाशा बघतं.

म्हणून भागीदारीच्या दुकानात मी सांगतो की दोन महिन्यांचा ठरलेला खर्च, वरच्या उदाहरणात ९०,००० रुपये, वेगळ्या खात्यात बाजूला ठेवायचा आणि त्याला हात लावायला दोघांच्या सह्या लागतील असं करायचं. वादाच्या काळात तेही खातं अडकू शकतं, मला मान्य आहे. पण दोघांनाही माहीत असतं की इथे एकट्याने काही करता येत नाही, आणि बोलायला बसण्याचं ते एक कारण होतं.

पाणी घेऊन आलेला माणूस

इंग्रजांनी १७४० मध्ये कुलाब्याला पाणी दिलं, पण या मदतीतून पेशव्यांना आणि इंग्रजांना दोघांनाही काय कळलं असेल याचा विचार करा. हे दोघे एकत्र आले तर आंग्रे मागे हटतात. एकोणीस वर्षांच्या नानासाहेबांनी हे स्वतः तळावर उभं राहून बघितलं. त्याच वर्षी ते पेशवे झाले.

संभाजी गेल्यावर सरखेल झाला तुळाजी, हिराकोटाखाली कैद झालेला तोच. त्याचं आणि पेशव्यांचं पटलं नाही. एप्रिल १७५५ मध्ये इंग्रज कमोडोर जेम्सने पेशव्यांच्या साथीने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर समुद्राकडून ॲडमिरल वॉटसन, जमिनीवर क्लाइव्ह आणि बाजूला पेशव्यांची फौज. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजी पेशव्यांच्या हाती आला आणि मरेपर्यंत कैदेतच राहिला. कान्होजींनी उभं केलेलं आरमार एका दिवसात राख झालं, आणि ते जाळणाऱ्यांना बोलावणारे नानासाहेबच होते. कुलाब्याचे आंग्रे त्यापुढे ऐंशीएक वर्षं टिकले. १८४० मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी ते संस्थान खालसा केलं.

आमच्या बॅचमध्ये यावर नेहमी वाद होतो. कोणीतरी म्हणतंच, सर, मग मानाजीने काय करायचं होतं? तहानेने मरायचं होतं? नाही. पाणी तुटल्यावर जो पाणी देईल त्याच्याकडून घ्यावंच लागतं, त्या दिवशी त्याच्या हातात दुसरा पर्याय नव्हता. पर्याय होता पाच वर्षं आधी, १७३५ मध्ये, वाटणीचा कागद होत असताना. तेव्हा नाव, जागा आणि अडचणीत कोण कोणाच्या मदतीला जाणार, या तीन गोष्टी भावाभावांनी आपसांत ठरवल्या असत्या तर संभाजीला कुलाब्यावर यायचं कारण कमी झालं असतं. ठरवलं पंचांनी, आणि पंचांना स्वतःचा फायदा होता. दोन आंग्रे एका आंग्र्यापेक्षा सांभाळायला सोपे.

तुमच्या बाबतीत पाणी घेऊन येणारा कोण असतो? वादात एका भावाला पैसे देणारा सावकार. मी भाडं भरतो, मला तीस टक्के द्या म्हणणारा मित्र. थेट माल देऊन नंतर शेजारी स्वतःचंच आउटलेट टाकणारा डिस्ट्रिब्युटर. हे सगळे वाईट लोक असतात असं नाही. पण त्यांना तुमच्या घराचा कच्चा दुवा कळलेला असतो, आणि तो ते विसरत नाहीत.

कागदाचं काम

भागीदारी करायची तर भारतीय भागीदारी कायदा, १९३२ चा. त्यातल्या दोन-तीन गोष्टी कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. पार्टनरशिप डीडमध्ये वेगळं लिहिलेलं नसेल तर एक भागीदार वारला की फर्म संपते. आणि दोघंच असाल तर लिहूनही उपयोग नाही, एकट्याची भागीदारी नसते. दुसरं, फर्म रजिस्टर नसेल तर गिऱ्हाईकाने बुडवलेल्या पैशासाठी फर्मला कोर्टात दावा लावता येत नाही. सगळ्यात जास्त चटका बसतो तो इथे. तिसरं, वेगळे झालात तर जाहीर नोटीस द्या. ती दिली नाही तर भावाने फर्मच्या नावावर उचललेल्या मालाची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते. रजिस्टर फर्मसाठी त्याची ठरलेली पद्धत आहे, त्यात मराठी पेपरमधली नोटीसही येते. सीएला किंवा वकिलाला विचारून करा, खर्च फार नाही.

वडिलांच्या एकट्याच्या नावावर दुकान असेल तर वेगळीच गंमत. जीएसटी नंबर वडिलांच्या पॅनला जोडलेला असतो. ते गेल्यावर तो मुलांकडे आपोआप येत नाही, वारसाला नवी नोंदणी घ्यावी लागते. म्हणजे कान्होजी गेले त्या दिवशी 'सरखेल' पदवी कागदावर कोणाचीच नव्हती, तसंच. तेराव्याच्या आत कोण नंबर काढायला जाणार यावरून भांडणं झालेली आपल्या भागात सगळ्यांनी ऐकली असतील.

आता काम. एका पानाचे दोन उभे भाग करा. डावीकडे धंद्यातली प्रत्येक अशी गोष्ट लिहा जी दोन तुकडे केल्यावर चालत नाही. दुकानाचं नाव. गाळा, आणि तो भाड्याचा असेल तर करार कोणाच्या नावावर. बोर्डावरचा मोबाईल नंबर. क्यूआर कोड ज्या खात्याला जोडलाय ते खातं. नकाशावरच्या नोंदीचा पासवर्ड. उधारीची वही. लाईट मीटर. गुमास्ता. होम स्टे किंवा खानावळ असेल तर अन्न परवाना. होलसेलवाल्याशी ज्याचं बोलणं आहे तो माणूस, हो, तोही लिहा. उजवीकडे प्रत्येकासमोर लिहा की उद्या वेगळे झालो तर हे कोणाकडे जाईल, आणि ज्याच्याकडे जाणार नाही त्याला त्या बदल्यात किती रुपये, किती दिवसांत मिळतील. रुपये लिहायचेच. "बघू तेव्हा" चालणार नाही.

दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून हे पान भरा, मग एकमेकांना दाखवा. नाव आणि जागा या दोन ओळींत दोघांनी वेगळं लिहिलं असेल तर पुढच्या ओळीवर जाऊ नका. चहा ठेवा, घरातल्या बायकांनाही बसवा, कारण आकडे बहुतेक त्यांनाच पाठ असतात. त्या दोन ओळी जुळल्या की ते पान घेऊन सीएकडे जा आणि डीडमध्ये घालून घ्या. पुढच्या व्हिडिओत डीडचा नमुना ओळीओळीने भरून दाखवतो, तेव्हा हे पान समोर असू द्या.